शिरापूरची चाळीस घरं: लेकी खरंच पावसाकडे बघून दिल्या जायच्या का?

माढ्याची_पोर

नमस्कार. घर माढा तालुक्यात, रान बारा एकर. त्यातलं चार एकर आता भिजतं, बाकी वरच्याच्या भरवशावर. मी पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करते, दुसरं वर्ष. प्रबंधासाठी वाचताना एक गोष्ट हाती लागली आणि तीन दिवस झाले ती डोक्यातून जात नाहीये. वर्गात विचारण्यापेक्षा इथे विचारते, कारण इथल्या बऱ्याच जणांची घरं त्याच मातीतली आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर काम करणारी संस्था आहे. १९७५ साली त्यांनी सहा गावांत घराघराची नोंद ठेवायला सुरुवात केली. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगर जिल्ह्यातली औरेपल्ली आणि डोकूर, आपल्या सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोल्यातली कंझरा आणि किनखेडा. प्रत्येक गावातली ४० घरं: दहा भूमिहीन मजुरांची, दहा लहान शेतकऱ्यांची, दहा मध्यम, दहा मोठ्या. माहिती घेणारा माणूस गावातच राहायचा. दर तीन-चार आठवड्यांनी तो प्रत्येक घरी जायचा आणि काय पेरलं, कोण कुणाच्या रानात कामाला गेलं, किती धान्य खाल्लं, कुणाकडून उसनं आणलं, हे लिहून घ्यायचा. यातल्या काही गावांत हे सलग दहा वर्षं चाललं. आमच्या घरापासून शिरापूर काही फार लांब नाही, पण ते गाव जगभरातल्या अर्थशास्त्र विभागांत माहीत आहे हे मला एम.ए.ला येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

तर याच नोंदींवरून मार्क रोझेन्झ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की ज्या घराचं शेतीचं उत्पन्न जास्त वरखाली होतं, त्या घरातल्या लग्नाच्या सोयरिकी जास्त लांबच्या असतात. कारण जवळच्या गावात दिलेल्या लेकीच्या घरी आपल्यासारखाच दुष्काळ पडणार. लांबच्या गावी पाऊस वेगळा, पीक वेगळं. आपलं बुडालं तर व्याह्याकडून काही येईल, त्याचं बुडालं तर आपण देऊ. आणि अशा सोयरिकी असलेल्या घरांत पीक पडलं तरी खाण्यापिण्यात चढउतार कमी होतो, असं त्यांना आकड्यांत दिसलं.

हे वाचून मी आमच्या घरातल्या तीन आत्या मोजल्या. थोरली पंढरपूरच्या पलीकडे. मधली कर्नाटकात, इंडी तालुक्यात. धाकटी थेट वाळव्याला, कृष्णाकाठी. एकही आमच्या तालुक्यात नाही.

बाबांना फोन करून विचारलं, आजोबांनी असा काही विचार केला होता का? ते म्हणाले, "पावसाचं कुठलं काय, स्थळ आलं तिथं दिल्या." मागून आईचा आवाज आला, "अन् दोन हजार तीनला वाळव्याहून टेंपोभर उसाचं वाढं अन् दोन पोती गहू आला होता, ते सांगा की तिला." बाबा गप्प झाले.

माझा प्रश्न साधा आहे. तुमच्या घरात लेकीचं स्थळ बघताना असं काही बोललं जायचं का? आणि आलेलं धान्य, चारा, पैसा याची कुणाला आठवण आहे का?

जतची_माहेरवाशीण

पोरी, तुझे बाबा खोटं बोलत नाहीत आणि तुझा निबंधही चूक नाही. तू प्रश्नात शब्द वेगळा घातलास, एवढंच. पाऊस असं कुणी म्हणायचं नाही. म्हणायचे पाणी. "पाण्याच्या गावाला दिली." "कोरड्यात दिली." माझं माहेर जत तालुक्यातलं, सासर कऱ्हाडच्या खाली. १९८४ ला लग्न झालं. मला बघायला माणसं आली तेव्हा वडलांनी मुलाला दोनच प्रश्न विचारले, शिक्षण किती आणि विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती परस. मग आठ दिवसांनी ते स्वतः सासरी जाऊन आले. घर बघितलं की नाही मला माहीत नाही, पण विहिरीत वाकून बघितलं हे मला सासूबाईंनीच पुढे अनेकदा ऐकवलं.

आता येण्याजाण्याचं विचारलंस म्हणून सांगते. आमच्याकडून माहेरी गहू जायचा, गूळ जायचा, दुष्काळात वैरण जायची. पण एकाच बाजूनं नव्हतं गं. ज्या वर्षी तिकडं चांगलं पिकायचं त्या वर्षी भाऊ मालदांडीची चार पोती आणि कडबा घेऊन यायचा. आमच्या ऊसपट्ट्यात अशी शाळू ज्वारी कुणाकडे नसायची. त्या भाकरीला माझे दीर दोन घास जास्त खायचे. म्हणून सासऱ्यांनी माहेरी काही पाठवताना कधी हात आखडला नाही.

तुझ्या त्या आकड्यांत धरलंय की नाही मला कळत नाही, पण आमच्याकडून सगळ्यात मोठी मदत गेली ती धान्याची नव्हती. भावाचा थोरला मुलगा आठवीपासून दहावीपर्यंत माझ्याकडे राहिला. त्या वर्षी माहेरी विहीर आटली होती आणि भावानं त्याला शाळेतून काढून मेंढरांमागं पाठवायचं ठरवलं होतं. मी सासूबाईंना विचारलं. त्या दिवसभर काही बोलल्या नाहीत. रात्री भाकरी थापताना म्हणाल्या, "आणा, एका ताटानं काय होतंय." तीन वर्षं तो माझ्या घरी जेवला. वह्यापुस्तकं आम्ही घेतली. आज तो तलाठी आहे. ही मदत कुठल्या रकान्यात लिहायची?

अजून एक गोष्ट तुला लिहायलाच हवी. ती तीन वर्षं मी या घरात आवाज चढवून एक शब्द बोलले नाही. माझा भाचा त्या ताटावर जेवत होता.

वेचणीचा_हजेरीपट

मी मूर्तिजापूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. कंझरा आमच्याच तालुक्यातलं. आमच्याकडे पाऊस सोलापूरपेक्षा भरवशाचा आणि पीक कापसाचं, त्यामुळे शिरापूरसारखी सगळंच बुडण्याची वेळ तुलनेनं कमी यायची. पण घर अडचणीत आलं की पहिला फटका कुठे बसतो हे मी रोज सकाळी अकराला बघायचो, हजेरी घेताना.

दसरा झाला की वेचणी सुरू. वर्गात पस्तीस नावं, समोर अठरा-वीस पोरं. मजुरी किलोवर, त्यामुळे लहान हातांनाही किंमत. सुकलेल्या बोंडाची टोकं टोचून पोरांच्या नखांच्या कडा फाटलेल्या असायच्या. डिसेंबरात परत आली की पेन्सिल धरताना ती बोटं दिसायची.

माढ्याच्या ताई, तुमच्या वाचनात हनान जेकबी आणि इमॅन्युएल स्कौफियास यांचा १९९७ चा निबंध आला असेल. तोही इक्रिसॅटच्याच गावांवर आहे. त्यांनी शाळेतली हजेरी आणि घरचं उत्पन्न शेजारी ठेवून बघितलं. उत्पन्न घसरलं की पोरं शाळेतून निघतात, हात सैल झाला की परत येतात. ज्या घराला कर्ज मिळत नाही ते घर पोराच्या शाळेतून उसनं घेतं, असा मी त्याचा अर्थ लावतो. ही हजेरी मागेपुढे झाल्यानं सरासरी शिक्षणाचं नुकसान फार मोठं होत नाही, असंही त्यांनी मांडलंय.

त्या शेवटच्या वाक्यापाशी मी अडतो. त्यांचा हिशेब चुकला असं माझं म्हणणं नाही. सरासरी तशी असेलही. पण माझ्या वर्गात एक मुलगी होती, सहावीत. आई वेचणीला जायची म्हणून ही धाकट्या भावाला कडेवर घेऊन मधल्या सुट्टीनंतर शाळेत यायची. दाराजवळ गोणपाट टाकून त्याला बसवायची आणि स्वतः त्याच्या शेजारीच, बाकावर नाही. शाळेत बाळ आणलेलं चालणार नाही असं मला एक-दोघांनी सांगितलं. मी ऐकलं नाही. सतराचा पाढा तिनं त्या पोराला मांडीवर हलवत हलवत पाठ केला. तिची हजेरी निम्मी होती आणि गणितात ती वर्गात पहिली होती. म्हणजे सहावीपर्यंत तुमचा निबंध अगदी बरोबर, हजेरी बुडाली पण शिक्षण बुडालं नाही.

सातवी संपली त्या वर्षी वेचणीच्या ऐन वेळी अवकाळी आला. झाडावरचा कापूस भिजून पिवळा पडला आणि व्यापाऱ्यानं निम्मा भाव केला. आठवीला चार किलोमीटर लांब जावं लागायचं. ती गेली नाही. पुढच्या वर्षी कापूस चांगला झाला, भावही बरा लागला. मी तिच्या घरी गेलो, म्हटलं आता पाठवा. वडील म्हणाले, "गुरुजी, आता ते मोठी झाली."

बुडालेली हजेरी भरून निघते, पण कुठल्या इयत्तेत बुडली यावर सगळं अवलंबून असतं. चौथीतून पाचवीत आणि सातवीतून आठवीत जाताना एक वर्ष चुकलं की पोरगी परत येत नाही. प्रबंधात हे तपासता आलं तर बघा, गावातल्या शाळेची शेवटची इयत्ता कोणती, हा रकाना घाला.

बहात्तरची_खडी

वय ६७. गाव करमाळा तालुक्यातलं. लेकींबद्दल ताईंनी लिहिलं, पोरांबद्दल गुरुजींनी लिहिलं. बैलांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

बहात्तर साली मी चौदा वर्षांचा होतो. आमचे दोन बैल होते. चारा संपला. वडलांनी एक बैल बाजारात नेला, आणि बाजारात सगळ्यांचेच बैल. जे पैसे मिळाले ते घेतले. दुसरा विकायला त्यांचा जीव धजला नाही. तो बैल आणि आम्ही पाच भावंडं तगलो, पण पाऊस आला तेव्हा एका बैलावर पेरायचं कसं? शेजारच्याचाही एकच राहिला होता. त्याच्याशी वारंगुळा केला. आधी त्याचं रान, मग आमचं. आमची पेर झाली तोपर्यंत वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, गेला होता. म्हणजे दुष्काळ त्र्याहत्तरला संपला तो गावाचा. आमच्या घरचा आणखी दोन वर्षं चालला.

माझा पुतण्या प्राध्यापक आहे, त्यानं मला सांगितलं की रोझेन्झ्वाइग आणि वोल्पिन यांनी १९९३ मध्ये या गावांच्या आकड्यांतून हेच दाखवलंय. पीक पडलं की शेतकरी बैल विकून घर चालवतो आणि त्यामुळे पुढच्या वर्षी त्याचं पीक आणखी कमी येतं. मी म्हटलं, हे मला १४ व्या वर्षी माहीत होतं. पण कुणीतरी ते मोजलं आणि लिहून ठेवलं, याचं मला बरं वाटलं. आमच्या लोकांना बैल विकला म्हणजे अक्कल नाही असं म्हणणारे साहेब लोक मी खूप बघितलेत.

आता दुसरी गोष्ट. त्या दुष्काळात आम्ही सगळे रस्त्याच्या कामावर होतो. आई खडी फोडायची, मी पाटी वाहायचो. सुकडी मिळायची, ती आई अर्धी घरी आणायची. लाल मिलो ज्वारी खाल्ली. शाळा सुटलीच. पण त्या कामाला आम्ही सरकारची मेहेरबानी समजायचो. पुढं तो हक्क झाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीच तासगाव तालुक्यात असा प्रयोग सुरू करायला लावला होता. १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. पैसा कुठून? शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ पासून त्यासाठीच सुरू झाला. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून करमाळ्याचा बांध झाला, हे किती जणांना माहीत आहे?

तुमच्या शिरापूर आणि कंझऱ्यात ही हमी होती, औरेपल्लीत नव्हती. या तीन गावांतल्या भूमिहीन मजुरांच्या उत्पन्नाची तुलना थॉमस वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, १९८६ मध्ये. हमी असलेल्या गावांत मजुराच्या उत्पन्नातला चढउतार हमी नसलेल्या गावापेक्षा जवळपास निम्मा होता. निम्मा! ज्याच्याकडे विकायला बैल नाही आणि लांब सोयरीक करायला हुंडा नाही, त्याला आधार फक्त या कामाचाच.

पुढे १९८८ मध्ये हमीची मजुरी जवळपास दुप्पट झाली. ती व्हायलाच हवी होती. पण मग मागेल त्याला काम मिळेना, पन्नास मजूर जमले तरी काम उघडेना. मी स्वतः त्या सुमारास आमच्या गावातल्या बायकांना घेऊन कामाची मागणी करायला गेलो होतो, तीन वेळा परत पाठवलं. अर्ज घेतला की पावती द्यावी लागते, म्हणून अर्जच घ्यायचे नाहीत.

आकडे_आणि_माणसं

मी सांगलीच्या बाजूला पदवीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवतो. वरचं सगळं वाचून वर्गात हे वाचून दाखवायचं ठरवलंय, तुमची हरकत नसेल तर.

माढ्याच्या ताईंना दोन-तीन गोष्टी. रॉबर्ट टाउनसेंड यांचा १९९४ चा निबंध प्रबंधात येईलच. औरेपल्ली, शिरापूर आणि कंझरा या तीन गावांत एका घराचं उत्पन्न घसरलं तरी त्या घराचं खाणं त्या मानानं घसरत नाही, ते गावाच्या सरासरीबरोबर वरखाली होतं, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे गाव जणू आपसात विमा चालवतं. तो निबंध वाचताना त्याच्या जोडीला १९९७ चं मार्टिन रॅव्हॅलियन आणि शुभम चौधुरी यांचं टिपण वाचा. घरानं किती खाल्लं हे ज्या पद्धतीनं काढलं होतं तिच्यात दोष आहे, तो सुधारला तर हा विमा बराच विरविरीत दिसतो, असं त्यांचं म्हणणं. आणि तीनपैकी एका गावात भूमिहीनांना तो शेजाऱ्यांपेक्षा कमी मिळतो, हे टाउनसेंड यांनाही दिसलं होतं. वर काकांनी जे सांगितलं त्याच्याशी हे जुळतं.

बाबांच्या "स्थळ आलं तिथं दिल्या" या उत्तराबद्दल. रोझेन्झ्वाइग आणि स्टार्क यांच्या निबंधात तो हेतू धरलाय, पण आकड्यांत दिसतं ते घडलेलं, मनातलं नाही. शंभर बापांपैकी एकानंही पावसाचा विचार केला नसेल, पण विहिरीत वाकून बघण्याची रीत असेल, तर आकडे तसेच येतील. मात्र उलटही शक्य आहे. कोरडवाहू घरात जवळपासचं कुणी लेक द्यायला किंवा करायला तयार नसतं, म्हणून सोयरीक लांब जाते. तेव्हा लांबची प्रत्येक लेक विम्यासाठी दिली असं धरू नका.

आणि एक. हान्स बिन्सवांगर यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी याच भागातल्या शेतकऱ्यांबरोबर नाणं उडवून खेळ खेळला होता, खऱ्या पैशांचा. ५० पैशांवर माणसं धाडस करायची. रक्कम ५० रुपयांवर गेली की, आणि तेव्हाचे ५० रुपये म्हणजे मजुराची महिन्याची कमाई ओलांडायची, बहुतेक सगळे सावध व्हायचे. यात जास्त जमीनवाला आणि कमी जमीनवाला असा मोठा फरक दिसला नाही. गरीब माणूस जात्याच भित्रा असतो म्हणून नवं बियाणं घेत नाही, हे ऐकलं की मी हा खेळ सांगतो. भीती सारखीच असते. चूक झाली तर सावरायला एकाकडे बँक असते, दुसऱ्याकडे बैल आणि पोरगी.

माढ्याची_पोर

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. मावशी, तुमचं ताट मी प्रबंधात घेईन, नाव न घालता, तुमची परवानगी असेल तर. गुरुजी, शाळेच्या शेवटच्या इयत्तेचा रकाना माझ्या मार्गदर्शकांना लगेच पटला. काका, आजोबांच्या बैलांबद्दल मी बाबांना कधी विचारलंच नव्हतं, काल विचारलं. तासभर बोलले.

काल रात्री मी तिन्ही आत्यांना फोन केला. धाकटीचं स्थळ आजोबांनी पाण्यासाठीच बघितलं होतं, तिला स्वच्छ आठवतंय. थोरलीच्या वेळी भीमेच्या पाण्यापेक्षा मामेसासऱ्यांची ओळख महत्त्वाची ठरली. पण इंडीची आत्या माझ्या तक्त्यात बसत नाही. इंडी आमच्यासारखंच कोरडं. दोन हजार तीनला तिकडेही काही पिकलं नाही. तिच्याकडून काही आलं नाही आणि आमच्याकडून काही गेलं नाही. तिला तिथं का दिली, असं विचारलं तर म्हणाली, "त्यांनी हुंडा मागितला नव्हता. थोरलीच्या लग्नाचं फिटायचं होतं अजून." सरांनी सावध केलं होतं ते इतक्या लवकर आमच्याच घरात दिसेल असं वाटलं नव्हतं.

मी तक्ता करते आहे हे सांगितल्यावर तिनं विचारलं, त्यात काय काय लिहितेस? मी वाचून दाखवलं: लग्नाचं साल, अंतर, पाणी, काय आलं, काय गेलं. ती म्हणाली, अजून एक घाल. मग फोनवरच मोजायला लागली. पहिली पंचमी, थोरल्याचं बाळंतपण, आजी गेली तेव्हा, बाबांचं ऑपरेशन, माझं बारसं, आजोबा गेले तेव्हा. मध्ये मध्ये थांबायची, "ते साल कुठलं गं" म्हणून मलाच विचारायची. तेहतीस वर्षांत चौदा वेळा माहेरी आली ती. तो रकाना मी शेवटचा घातलाय, आणि आता बाकीच्या दोघींनाही परत फोन करून तेवढंच विचारायचं आहे.